आधी मुकादमाला शिकवा

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले अनुभवी कामगार सैन्यात गेले आणि कारखान्यांत नवखे आले. सरकारने 1940 साली ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा कार्यक्रम काढला, तो नवख्यांना वर्गात बसवण्यासाठी नव्हे, तर त्यांच्या मुकादम-सुपरवायझरांसाठी. कामाचे टप्पे पाडा, करून दाखवा, नेमकी मेख कुठे आहे आणि का ते सांगा, मग नवख्याकडून करवून घ्या, आणि एकटा सोडल्यावरही अधूनमधून बघत राहा. कामावर शिकवण्याची ही पद्धत 10 तासांत शिकवली जाई. 1945 पर्यंत 16 लाखांहून अधिक जण या कार्यक्रमातून गेले. युद्धानंतर अमेरिकेत तो मागे पडला. जपानने उचलला, टोयोटाने अंगी मुरवला.

आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे बहुधा हॉटेलातला हॉल, स्लाइड, जेवण आणि प्रमाणपत्र. माणूस जागेवर परतला की साहेब सांगतात, ‘इथं असंच चालतं.’ शिकलेले वापरायला वाव नसेल, तर ते टिकणार कसे? शिकवले की माणूस सोडून जातो, हा मालकांचा आक्षेप अगदीच खोटा नाही. पण माणसे न शिकवताही जातात: 1913 साली फोर्डच्या कारखान्यात कामगार बदलण्याचे प्रमाण वर्षाला 370 टक्के होते, आणि तिथली बरीच कामे तर थोड्या वेळात शिकता येणारी होती! 1914 मध्ये रोजची कमाई 5 डॉलरपर्यंत नेली, पाळी 8 तासांची केली, तेव्हा ही गळती झपाट्याने घटली. लहान कारखान्यांना प्रशिक्षण परवडत नाही म्हणावे, तर मुकादमाने कामावरच शिकवण्याच्या पद्धतीला हॉल लागत नाही. मुकादमाचा वेळ लागतो, आणि उत्पादनाच्या हिशेबात नेमका तोच धरलेला नसतो.