पंचनाम्याबाहेरचं झाड

वाळत घातलेले रातांबे अंगणातच भिजले. २६ मे २०२५ला मोसमी पाऊस मुंबईत पोचला. मृगाला अजून जवळजवळ पंधरवडा होता आणि आमची आगोट अर्ध्यावर. पाठोपाठ ३ जून आला. निसर्ग वादळाला पाच वर्षं झाली. मोबाइलवर वाकलेल्या खांबांचे, उडालेल्या पत्र्यांचे जुने फोटो फिरले. आमच्या विहिरीकडेच्या उंबराचा फोटो कुणाकडेच नव्हता. माझ्याकडेही नाही.

लहानपणाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पाऊस वेळेवर यायचा, आंबे पिकायचे आणि पाखरांनी टोचले की आजी शिव्या द्यायची. मुंबईतल्या नोकरीची वर्षं तर वगळलेलीच बरी. दिवेआगरजवळच्या वाडीत मी परतलो तो नोव्हेंबर २००९मध्ये, फयान वादळ नुकतंच येऊन गेलं तेव्हा. फयान ते निसर्ग हे दशक मात्र मी वाडीत उभं राहून पाहिलं.

रायवळ आंब्याच्या ढोलीत राखी धनेशाचं जोडपं यायचं. मादी स्वतःला आत लिंपून घ्यायची, चोचीपुरती फट ठेवून. नर गळ्यात उंबरं भरून आणायचा आणि एकेक वर काढून तिला द्यायचा. सगळ्याच पाखरांची पंगत ठरलेली होती: आधी वड-उंबर, मग करवंदं, जांभळं, फणस, शेवटी रातांबे. एकाची पानं उचलेपर्यंत दुसऱ्याचं वाढप सुरू.

ती पंगत माझ्यादेखत मोडली. डिसेंबर २०१७मध्ये ओखी वादळाचा पाऊस आला. २०१९ला दिवाळी उलटली तरी पाऊस हटेना. अरबी समुद्रात आधी क्यार वादळ, लगोलग महा. थंडी लांबली तसा मोहोर लांबला. कधी जांभळाचा फुलोरा उन्हानं करपला, कधी करवंदं आणि रातांबे एकदमच पिकून पहिल्या सरीत झडले. एका सल्लागारानं आंब्याला मोहोर आणणारं कल्टार घालायला सांगितलं. घातलं. जांभळाचं विचारलं, तर म्हणाला, "त्याचं उत्पन्न किती?" आणि उंबर? "सावली धरतो, काढून टाका." तो राग अजून गेलेला नाही.

उंबराचं फूल कुणाला दिसत नाही, कारण ते फळाच्या पोटात असतं. तिथवर पराग नेणारी चिलटाएवढी माशी दिवस-दोन दिवसच जगते. ऊन चढलं तर तेवढंही नाही. पाखरांच्या पहिल्या पंगतीचा सगळा भार या माशीवर.

३ जून २०२०च्या दुपारी ताशी शंभर-एकशेवीस किलोमीटरचा वारा श्रीवर्धनच्या बाजूनं आत घुसला. पोफळी एकमेकींवर कलंडल्या. रायवळ ढोलीपाशीच मोडला. पिल्लू चार दिवसांपूर्वी उडून गेलं होतं, एवढंच नशीब. उंबर विहिरीचा कठडा घेऊन आडवा झाला.

सरकारनं बागांना हेक्टरी पन्नास हजार जाहीर केले. पंचनाम्याला आलेल्या माणसानं माड, पोफळी, आंबे मोजले. "हा उंबरही लिहा," मी म्हटलं.

"उत्पन्न?"

"धनेशाला विचारा."

त्यानं रकान्यात रेघ मारली.

पोफळी आम्ही पुन्हा लावल्या. ज्या वाड्या विकल्या गेल्या, तिथे हिरवळ आणि पोहायचे तलाव आलेत. ढोली मात्र लावून मिळत नाही, तिला म्हातारं झाड लागतं. उंबरही आम्ही कधी लावला नव्हता. तो पाखरानंच लावलेला.

परवा एक धनेश आला. विहिरीच्या नव्या कठड्यावर बसला, शिटला, उडून गेला. त्यात बी असणारच. जुन्या दगडी कठड्याच्या फटीत ते रुजलं असतं. हा सिमेंटचा कठडा मी उभं राहून बांधून घेतलाय, एकही फट न ठेवता.