गाडी ‘रिकॉल’ झाली म्हणजे नेमके काय करायचे?

गेल्या पावसाळ्यात मंडळाच्या वाचनालयात एक सभासद भगिनी वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आल्या. मुलाकडे असलेल्या मोटारसायकलचे मॉडेल कंपनीने ‘परत बोलावले’ अशी बातमी होती. त्यांचा पहिलाच प्रश्न, “गाडी घेऊन जाणार का हो? अजून अठरा हप्ते बाकी आहेत.” आम्ही तिघे-चौघे निवृत्त मंडळी तिथे कागदपत्रांच्या मदतीसाठी बसतो. पेन्शन, वारसा, फिक्स्ड डिपॉझिट हे आमचे नेहमीचे विषय. मोटारसायकल हा आमचा प्रांत नव्हे. पण त्या दिवसापासून या विषयाची आणखी चार प्रकरणे आमच्याकडे आली, त्यातले एक तर घरचेच होते. म्हणून जे समजले ते एकत्र लिहून काढतो आहोत.

आधी त्या भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर. गाडी कोणी घेऊन जात नाही. रिकॉल म्हणजे ठराविक काळात तयार झालेल्या गाड्यांमध्ये एखादा भाग सदोष निघाल्याचे मान्य करून तो भाग फुकट तपासण्याची, दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची कंपनीने घेतलेली जबाबदारी. मे २०२१ मध्ये रॉयल एनफील्डने बुलेट ३५०, क्लासिक ३५० आणि मीटिऑर ३५० मिळून २,३६,९६६ गाड्यांसाठी असे बोलावणे काढले. कारण होते इग्निशन कॉइल. त्यातील दोषामुळे इंजिन मिसफायर होण्याची आणि क्वचित शॉर्ट सर्किट होण्याची शक्यता होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये यामाहाने सुमारे तीन लाख स्कूटर ब्रेक लिव्हरच्या कामासाठी बोलावल्या. जुलै २०२४ मध्ये सुझुकीने ॲक्सेस, ॲव्हेनिस आणि बर्गमन मिळून सुमारे ३ लाख ८८ हजार स्कूटर बोलावल्या, तेव्हा इग्निशन कॉइलला जोडणाऱ्या हाय टेन्शन वायरचा प्रश्न होता. म्हणजे हा प्रकार नामांकित कंपन्यांतही होतो. आपली गाडी त्यात निघाली तर लाज वाटण्याचे किंवा घाबरण्याचे कारण नाही. मात्र ‘चालतेय ना, मग बघू दिवाळीनंतर’ म्हणून सोडून देण्यासारखेही ते नाही. चोर्ला घाटात भर पावसात इंजिन बंद पडले तर काय होते, हे गोव्याला जाणाऱ्या मुलांना सांगायला नको.

एनफील्डच्या त्या प्रकरणात आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बोलावलेल्या गाड्यांपैकी दहा टक्क्यांपेक्षा कमी गाड्यांचा भाग प्रत्यक्षात बदलावा लागेल, असा कंपनीचाच अंदाज होता. बाकीच्या नुसत्या तपासायच्या. म्हणजे आपल्या गाडीला हात न लावता ‘ठीक आहे’ असे सांगून परत पाठवले, तर ते खरेही असू शकते आणि टाळाटाळही असू शकते. नुसत्या बोलण्यावरून हे कळत नाही, कागदावरून कळते. त्याकडे पुढे येतो.

आता कायदा, थोडक्यात. आपल्याकडे पूर्वी सगळे स्वेच्छेवर होते. वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने २०१२ मध्ये स्वतःची आचारसंहिता केली, तिच्यावर काम चालायचे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. आता चालकाला, प्रवाशाला, रस्त्यावरच्या इतरांना किंवा पर्यावरणाला धोका असेल असा दोष असल्यास केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देऊ शकते. नियमांत दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत आहे. कंपनीने स्वतःहून दोष कळवून बोलावणे काढले तर दंड नाही, म्हणून बहुतेक कंपन्या स्वतःहूनच पुढे येतात. सरकारी हुकुमाच्या तरतुदी सात वर्षांच्या आतील गाड्यांसाठी आहेत. परिवहन खात्याच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर मालकाला दोषाची तक्रार नोंदवता येते. आपल्या एकट्याच्या तक्रारीने हुकूम निघत नाही, पण मोजणी अशा तक्रारींचीच होते.

आपल्या बेळगावकरांची अडचण कायद्यात नाही, पत्त्यात आहे. इथली किती तरी घरे मोटारसायकल कोल्हापुरात घेतात. मामाचे गाव तिकडे असते, ओळखीचा माणूस शोरूममध्ये असतो, किंवा जुनी गाडी चांगल्या भावात मिळते. जुनी गाडी घेतली की नियमाप्रमाणे ना हरकत प्रमाणपत्र येते, फॉर्म २९ आणि ३० भरले जातात, एमएच ०९ चे केए २२ होते, आर.सी.वर आपले नाव लागते. इतके झाले की आपण निश्चिंत. पण आर.टी.ओ.च्या दप्तरात नाव बदलले म्हणून कंपनीच्या संगणकात बदलत नाही. तिथे पहिल्या मालकाचेच नाव आणि त्याचाच मोबाइल नंबर राहतो. रिकॉलचा एसएमएस त्याला जातो. त्याने तर गाडी दोन वर्षांपूर्वी विकलेली, तो संदेश पुसून टाकतो. बँकेत खातेदाराचा पत्ता बदलला नाही की चेकबुक जुन्या घरी जाते, तसाच हा प्रकार.

म्हणून पहिले काम, कोणी बोलावण्याची वाट न पाहता, आपला चॅसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा ग्राहक सेवा केंद्राला फोन करून तपासायचा. मालक बदलतो, नोंदणी बदलते, चॅसिस नंबर बदलत नाही. रिकॉल त्या नंबराला चिकटलेला असतो, मालकाच्या नावाला नाही. नंबर सतरा अंकाक्षरांचा असतो आणि आर.सी.वर व विम्याच्या पॉलिसीवर छापलेला असतो. तो उतरवताना एक चूक हमखास होते, शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ किंवा एकच्या जागी ‘आय’ लिहिला जातो. या नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरतच नाहीत. तसे काही दिसले तर तो अंक समजावा. त्याच फोनमध्ये आपले नाव आणि मोबाइल नंबर नोंदवून घ्यायला सांगावे.

आता डीलर. डीलर हा कंपनीचा नोकर नव्हे, स्वतंत्र व्यापारी आहे. रिकॉलच्या कामाचे पैसे त्याला ग्राहकाकडून मिळत नाहीत, कंपनीकडे दावा लावून ठरलेल्या दराने घ्यावे लागतात. तेवढा वेळ त्याचा मेकॅनिक अडकतो, आणि सुटे भाग कंपनीकडून येतील तसे येतात. त्यामुळे सोमवारी सकाळी, सर्व्हिसच्या गाड्यांची रांग लागलेली असताना, काउंटरवरचा मुलगा आपल्याला पाहून फार खूश होत नाही. “पार्ट आलेला नाही”, “गाडी आमच्याकडून घेतलेली नाही”, “पुढच्या सर्व्हिसला बघू”, ही तीन उत्तरे आम्ही इतक्या वेळा ऐकली की आता पाठ झाली आहेत. पहिले उत्तर पुष्कळदा खरे असते. दुसरे चुकीचे आहे, कारण रिकॉलचे काम त्या कंपनीच्या कोणत्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये व्हायला हवे, गाडी कोल्हापूरची असो की हुबळीची. तिसऱ्याला मान डोलावू नये. सर्व्हिसला पैसे पडतात, रिकॉलला पडत नाहीत, आणि दोन्ही एकत्र केले की बिलात काय कशाचे ते कळत नाही.

यात भांडायचे काही नाही. सर्व्हिस मॅनेजरकडे जाऊन शांतपणे एवढेच म्हणावे, की हा चॅसिस नंबर संगणकात टाकून काय दिसते ते मला दाखवा. पार्ट नसेल तर नंबर, तारीख आणि ‘पार्ट मागवला आहे’ एवढे लिहून शिक्का मारून द्या. शिक्का मागितला की बोलण्याचा सूर बदलतो, हा चाळीस वर्षांचा अनुभव आहे, फक्त तेव्हा आम्ही काउंटरच्या पलीकडे बसत होतो.

घरच्या प्रकरणाचा उल्लेख वर केला, ते सांगतो. कंपनीचे आणि डीलरचे नाव देत नाही. आमच्यापैकी एकाच्या भाच्याने कोल्हापूरहून जुनी मोटारसायकल घेतली, रीतसर केए २२ करून घेतली. इंधनाच्या नळीच्या जोडासाठी त्या मॉडेलचा रिकॉल निघाल्याचे त्याला मित्राकडून कळले. इथल्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेला. त्यांनी नंबर टाकला आणि सांगितले, “तुमचे काम झालेले आहे, संगणकात पूर्ण दाखवतोय.” मुलगा खूश होऊन घरी आला. रविवारी जेवताना हे बोलणे निघाले तेव्हा मामांनी विचारले, “कुठे झाले? कधी झाले?” ते त्याने विचारलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे त्याच्याबरोबर गेलो. मॅनेजर सज्जन होता, त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवली. काम दुसऱ्या शहरातल्या एका डीलरकडे नोव्हेंबरात झाल्याची नोंद होती. गाडी तर त्या वर्षी जूनमध्येच बेळगावात आलेली. नोंदीत किलोमीटर होते बरोबर १२,०००. भाच्याकडे सप्टेंबरातल्या इथल्या सर्व्हिसचे बिल होते, त्यावर १४,३१२. गाडी दोन महिन्यांत दोन हजार किलोमीटर मागे गेली होती! बँकेत याला व्हाउचरशिवाय नोंद म्हणतात. गाडी न पाहताच कोणीतरी रकाना भरून दावा लावला होता, की नंबर टाकताना चूक झाली होती, ते आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही. आम्ही कोणावर आरोपही केला नाही. कंपनीच्या ग्राहक सेवेला इंग्रजीत आठ ओळींची ई-मेल लिहिली. चॅसिस नंबर, नोंदीची तारीख, सप्टेंबरच्या बिलाचा फोटो, आर.सी.चा फोटो, आणि एकच मागणी, की त्या दिवसाचे आमच्या सहीचे जॉब कार्ड दाखवा, नाहीतर नोंद रद्द करून काम करून द्या.

नवव्या दिवशी फोन आला. जॉब कार्ड सापडत नाही, गाडी घेऊन या. काम पाऊण तासात झाले. मेकॅनिकने टाकी उचलली तेव्हा जोडाच्या भोवती ओल होती आणि धूळ चिकटून काळा थर बसला होता. भाचा म्हणाला, “मामा, पेट्रोलचा वास येत होता, पण जुन्या गाडीला येतोच असं वाटलं.” त्यावर आम्ही काही बोललो नाही. जोडापासून सायलेन्सर किती बोटांवर आहे, तेवढे मेकॅनिकने त्याला दाखवले.

काम झाल्यावर जॉब कार्ड घेतल्याशिवाय बाहेर पडू नये. त्यावर चॅसिस नंबर, किलोमीटर, रिकॉलचे नाव किंवा क्रमांक, आणि ‘तपासले, ठीक’ की ‘भाग बदलला’ हे स्पष्ट लिहिलेले हवे. ‘जनरल चेकअप’ असे लिहिले असेल तर दुरुस्त करून मागावे. मजुरी किंवा ऑइलचे पैसे लावले असतील तर ते कशाचे ते विचारावे. बदललेला जुना भाग बहुधा परत मिळत नाही, तो दाव्यासोबत कंपनीकडे जातो. त्याचा आग्रह धरू नये, फोटो काढून घ्यावा. पुढे गाडी विकताना हेच जॉब कार्ड आर.सी.बरोबर द्यावे.

ई-मेलनेही काम झाले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तिथून कंपनीकडे विचारणा जाते आणि बऱ्याच गोष्टी तेवढ्यावर मिटतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातला आपल्यासारख्या सीमेवरच्या लोकांच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी बदल असा, की तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथेही तक्रार दाखल करता येते. डीलर कोल्हापूरचा असला तरी बेळगावच्या आयोगात जाता येते, दर तारखेला निपाणी-कागल करत हेलपाटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील घेतलाच पाहिजे असे नाही. मुदत दोन वर्षांची आहे आणि ती तक्रारीचे कारण घडल्यापासून मोजतात, म्हणून पहिल्या भेटीच्या तारखेचा कागद जपावा. सदोष वस्तूमुळे इजा झाली तर उत्पादकाकडून भरपाई मागण्याचे स्वतंत्र प्रकरणही याच कायद्यात आहे. ती वेळ कोणावर येऊ नये.

हप्त्यांचा प्रश्न राहिला. गाडी रिकॉलसाठी आठ दिवस सर्व्हिस सेंटरमध्ये पडून राहिली तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. तो थांबवून डीलरवर दबाव आणण्याची कल्पना दोघांनी आम्हाला सुचवली. तसे कृपया करू नये. डीलरला त्याचे काही वाटत नाही, क्रेडिट स्कोअर मात्र आपला बिघडतो.

कोणाला आपल्या गाडीचा नंबर तपासून हवा असेल तर रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही वाचनालयात असतो. आर.सी., विम्याची प्रत आणि शेवटच्या सर्व्हिसचे बिल आणावे. झेरॉक्स पुरे, मूळ कागद घरीच ठेवावेत.