स्वप्नातली भीती, जागेपणीची भीती: नातं नेमकं काय?

सेमिनारच्या आदल्या रात्री मला एक स्वप्न हमखास पडतं. प्रोजेक्टर सुरू, समोर गाईड बसलेत आणि माझ्या सगळ्या स्लाइड्स कोऱ्या! तुम्हालाही असं काही पडत असेलच. अशा स्वप्नामुळे दिवसाची भीती वाढते की कमी होते?

2020 मध्ये 'ह्यूमन ब्रेन मॅपिंग' या जर्नलमध्ये यावर एक छान पेपर आला. त्यात दोन प्रयोग आहेत. पहिल्यात 18 जणांच्या डोक्यावर 256 इलेक्ट्रोड लावले, त्यांना झोपेतून पुन्हा पुन्हा उठवलं आणि विचारलं, 'स्वप्न पडत होतं का? भीती वाटली का?' भीतीच्या स्वप्नांच्या वेळी इन्सुला आणि सिंग्युलेट कॉर्टेक्स हे भाग सक्रिय दिसले. जागेपणी घाबरतानाही हेच भाग काम करतात.

दुसऱ्या प्रयोगात 89 जणांनी आठवडाभर स्वप्नांची डायरी लिहिली. मग त्यांना एफएमआरआय मशीनमध्ये त्रासदायक चित्रं दाखवली. ज्यांच्या स्वप्नांत भीती जास्त, त्यांच्या अमिग्डालाचा प्रतिसाद चक्क कमी होता! आणि भावनांना आवर घालणारा मध्य प्रीफ्रंटल भाग जास्त सक्रिय होता. म्हणजे स्वप्न ही भीतीची रंगीत तालीम असू शकते.

पण थांबा. 'भीतीच्या स्वप्नांमुळे भीती जाते' असं लिहिलंत, तर व्हायव्हामध्ये अडकाल. हा सहसंबंध आहे, कार्यकारणभाव नाही. मुळात भावना नीट हाताळणाऱ्यांनाच तशी स्वप्नं पडत असतील तर?

मग फोबियाचं काय? 2014 च्या एका अभ्यासात कोळ्याची भीती असलेल्यांना व्हर्च्युअल रिअॅलिटीत कोळी दाखवले. त्यानंतर काही जण 90 मिनिटं झोपले, बाकीचे जागे राहिले. आठवड्यानंतर झोपलेल्यांची भीती अधिक कमी झालेली आढळली. इथे गट पाडून तुलना आहे, त्यामुळे दावा भक्कम होतो. मात्र दावा झोपेबद्दल आहे, स्वप्नाबद्दल नाही. हा फरक वहीत लिहून ठेवा.

आणि झोपमोड करणारं दुःस्वप्न वारंवार पडत असेल, तर ती तालीम राहत नाही. त्यावर उपचार आहेत: जागेपणी स्वप्नाचा शेवट बदलायचा आणि नव्या शेवटाची रोज मनात उजळणी करायची. त्रास जास्त असेल तर तज्ज्ञांना भेटा, लाजू नका.

माझ्या कोऱ्या स्लाइड्सचा शेवट मी बदललाय. आता मी सरळ फळ्याकडे जातो आणि खडू उचलतो!