चालत्या घरातील सामानाची बांधाबांध

अमेरिकेत पिकअप ट्रकमागे चाकांवरचे घर जोडून सहलीला निघण्याची प्रथा चांगलीच रुजलेली आहे. या फिरत्या घरांपैकी ‘टॉय हॉलर’ हा प्रकार काहीसा वेगळा. त्याच्या पुढील भागात स्वयंपाकघर, न्हाणीघर व बिछाने असतात, तर मागील भागात गॅरेज. मागची भिंत खाली उघडली की तिचाच उतार तयार होतो आणि त्यावरून मोटारसायकली किंवा चारचाकी ‘एटीव्ही’ आत चढविता येतात. कॅलिफोर्नियातील इम्पिरियल सँड ड्यून्ससारख्या वाळूच्या टेकड्यांवर ही वाहने फिरविण्यासाठी नेली जातात. मात्र, ती आत चढविणे जितके सोपे, तितकेच त्यांना प्रवासभर जागेवर ठेवणे अवघड असते.

उभी असताना स्थिर भासणारी मोटारसायकल ब्रेक लागताच पुढे झेपावते. व्यावसायिक मालवाहतुकीसाठी असलेल्या अमेरिकी केंद्रीय नियमांनुसार, मालाची बांधणी पुढील दिशेने त्याच्या वजनाच्या ०.८ पट, तर मागे व बाजूंना ०.५ पट जोर सोसणारी असावी लागते. सहलीच्या खासगी ट्रेलरला हा नियम लागू नसला, तरी हिशेबासाठी तो उपयुक्त आहे. २०० किलोच्या मोटारसायकलीचा पुढील दिशेचा जोर १६० किलो वजनाइतका भरतो. गॅरेज आणि राहण्याची जागा यांत बहुधा एक पातळ भिंतच असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळते.

चार पट्टे, चार दिशा

मोटारसायकलीचे पुढचे चाक लोखंडी चौकटीत अडकवून ती सरळ उभी करतात व चार कोपऱ्यांकडे चार पट्टे ताणतात. पुढचे पट्टे शॉक-अॅब्सॉर्बर काहीसे दबतील इतके आवळावेत. पूर्ण दाबल्यास त्यांच्या सीलला इजा पोहोचू शकते. साइड स्टँडवर गाडी टेकवून बांधणे धोक्याचे, कारण हादऱ्यांनी ती हलते आणि पट्टे सैल पडतात. पट्ट्यावर तुटण्याची मर्यादा १,५०० किलो असली, तरी सुरक्षित भार साधारण त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे ५०० किलोच धरला जातो. जमिनीतील कड्याही ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेल्या हव्यात. केवळ प्लायवूडमध्ये स्क्रूने बसविलेली कडी ऐनवेळी उपटून येते.

वजनाचा तोल

बांधणी भक्कम असूनही वजनाची जागा चुकल्यास अपघात घडू शकतो. ट्रकच्या मागील हुकाला जोडल्या जाणाऱ्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी सुमारे १० ते १५ टक्के भार त्या हुकावर असावा, असा संकेत आहे. ३,००० किलोच्या ट्रेलरसाठी हा भार ३०० ते ४५० किलो होतो. गॅरेज चाकांच्या मागे असल्याने तेथील जड वाहन तरफेप्रमाणे पुढची बाजू उचलते. हुकावरचा भार घटला, की ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे हेलकावे खाऊ लागतो. म्हणून गॅरेजमध्ये जड वाहन शक्य तितके पुढे ठेवावे आणि भरलेल्या ट्रेलरचे वजन वजनकाट्यावर तपासून घ्यावे.

इंधनाचा धोका

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत साचते. याच घरात प्रोपेनवर चालणारी शेगडी किंवा हीटर असल्यास ठिणगीचे निमित्त पुरते. त्यामुळे गाडीच्या इंधनाची तोटी बंद ठेवणे, सुटे कॅन आत न ठेवणे आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीही सुरू न करणे आवश्यक ठरते. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग वा वास नसल्याने झोपलेल्या माणसाला त्याचा सुगावाही लागत नाही.

नवे पट्टे सुरुवातीच्या प्रवासात थोडे ताणले जातात. व्यावसायिक चालकांना पहिल्या ५० मैलांच्या, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरच्या आत माल पुन्हा तपासण्याचे बंधन आहे. सहलीला निघालेल्या कुटुंबांनीही तेवढ्या अंतरात एकदा थांबून पट्टे पुन्हा आवळून घेणे हिताचे आहे.