स्पीकरच्या जाळीचं कापड घरीच बदला, पण आधी फुंकर मारून बघा

वेंगुर्ला तालुक्यातलं रेडी हे गाव १९७६ मध्ये खाणीत सापडलेल्या द्विभुज गणपतीमुळे अनेकांना माहीत आहे. पण इथे स्पीकर वापरणाऱ्याला तीन गोष्टींशी सामना करावा लागतो: समुद्राची खारी हवा, मुसळधार पाऊस आणि लोहखनिजाची लाल धूळ. चतुर्थीला माळ्यावरचा जुना स्पीकर खाली काढला की आवाज ठणठणीत असतो, पण पुढचं कापड डागाळलेलं, नाहीतर हात लावताच फाटणारं. मग काहीजण जाळीच काढून टाकतात, काहीजण घरात सापडेल ते कापड ताणून बसवतात. दोन्हींत नुकसान आहे.

जाळी नसेल तर धूळ सरळ आत जाते. स्पीकरचा पडदा हलवणारी तारेची कॉईल चुंबकातल्या अगदी अरुंद फटीत पुढे-मागे होत असते. त्या फटीत कण अडकले की आवाज खरखरतो, आणि ते दुरुस्त करणं कापड बदलण्यापेक्षा कितीतरी अवघड.

आणि कापड चुकीचं निवडलं तर? जाड विणीतून ढोलकीचा घुमारा बाहेर येतो, पण टाळ-झांजांची किणकिण दबते. कापड सगळ्यात आधी वरच्या पट्टीतला बारीक आवाज खातं. म्हणून दुकानात कापड तोंडासमोर धरा आणि फुंकर मारा. पलीकडे ठेवलेल्या हाताला हवा सहज लागली पाहिजे. अडली तर ते कापड सोडा, कितीही छान दिसत असलं तरी!

कोकणात सुती कापड नकोच. नेहमीच्या दमट हवेत कापूस वजनाच्या साधारण ८ टक्के पाणी धरतो, पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. सुती कापड पावसाळ्यात सैल पडतं, बुरशी धरतं. स्पीकरसाठीचं 'ग्रिल क्लॉथ' मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर बारीक भोकांची जुनी स्पोर्ट्स जर्सी किंवा पातळ पॉलिस्टर जॉर्जेटची ओढणी चालते (आईला विचारूनच).

आता काम. बहुतेक जाळ्या चार कोपऱ्यांतल्या खुंट्यांवर बसलेल्या असतात. एकेक कोपरा हळू ओढा. स्क्रूड्रायव्हर घुसवू नका, तो घसरून पडद्यात जातो. फ्रेम घेऊन दुसऱ्या खोलीत जा, कारण स्टेपलच्या पिना चुंबकाकडे धावतात. जुनं कापड शक्यतो अख्खं काढा, तोच तुमचा नमुना. नवं कापड चारही बाजूंनी ३-४ सेंटिमीटर जास्त कापा.

सगळी गंमत ताणात आहे. आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक पिन मारा, समोरासमोर. मग मध्याकडून कोपऱ्यांकडे सरका आणि कोपऱ्यांच्या घड्या शेवटी घाला. विणीची रेघ कडेला समांतर आहे ना, हे मध्येमध्ये बघत राहा. सैल राहिलं तर बासला फडफडतं. ढोलासारखं ताणलं तर पातळ फ्रेम वाकते आणि परत बसतच नाही. प्लास्टिकच्या फ्रेमला पिना लागत नाहीत, तिथे चपला चिकटवायचा रबरी गोंद मागच्या बाजूने, अगदी पातळ लावा. जास्त झाला तर पुढे डाग उमटतो.

आता मोबाईल बाहेर काढा. 'स्पेक्ट्रॉइड'सारखं आवाजाचा आलेख दाखवणारं ॲप घ्या, फोन स्पीकरपासून १ मीटरवर स्टँडला लावा. पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्यांचा एकसारखा सूं-सूं आवाज) आधी जाळीशिवाय, मग जाळी लावून वाजवा. व्हॉल्यूम आणि फोन जागचे हलवू नका. फोनचा माईक प्रयोगशाळेतला नसतो, पण दोन्ही वेळा तोच असल्यामुळे तुलना बऱ्यापैकी खरी निघते. ५००० हर्ट्झच्या वर १-२ डेसिबलचा फरक चालेल. ४-५ डेसिबल पडत असेल तर कापड बदला.

एक मात्र लक्षात ठेवा: हे सगळं खोक्याच्या स्पीकरसाठी आहे. वॉटरप्रूफ ब्लूटूथ स्पीकरचं कापड बहुतेक वेळा चिकटवलेलं असतं. ते ओढून काढताना आतलं सील बिघडू शकतं. त्याला मऊ ब्रश आणि ओलसर फडकं पुरे.