कॅमेऱ्याचे किरण आणि रणगाड्याची चाहूल

फोकस करताना कॅमेरा समोरच्यावर अदृश्य किरण सोडतो, अशी समजूत अजून पक्की आहे. ती हवेतून आलेली नाही. पोलरॉइडचा 1978चा कॅमेरा वटवाघळासारखा ध्वनिलहरी सोडून अंतर मोजायचा, आणि 1979चा कॅननचा एएफ-35एम इन्फ्रारेड किरण टाकायचा. पण आज बहुतेक कॅमेरे काहीच सोडत नाहीत. भिंगाच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रकाशातल्या दोन प्रतिमा एकमेकींपासून किती सरकल्या आहेत, हे ते ताडतात. त्यावरून भिंग कुठल्या दिशेला आणि किती हलवायचं ते कळतं. मिनोल्टा 7000ने 1985मध्ये ही पद्धत लोकप्रिय केली. अंधारात लागणारा लाल दिवा अंतर मोजत नाही, नुसता उजेड पाडतो. काही फोन मात्र आजही लेझरने अंतर मोजतात, तेवढा अपवाद.

किरण सोडणं आणि नुसता प्रकाश टिपणं यांतला हाच फरक युद्धातही महत्त्वाचा ठरतो. मग प्रश्न येतो रणगाड्याचा. आपल्यावर इन्फ्रारेडने नेम धरलाय हे त्याला कळतं का? चित्रपटात तर लगेच भोंगा वाजतो.

खरं उत्तर नेम कशाने धरलाय यावर ठरतं. थर्मल दुर्बीण रणगाड्याच्या तापलेल्या इंजिनातून निघणारी उष्णता फक्त टिपते. ती स्वतः काही फेकत नाही, त्यामुळे पकडायला काही उरतच नाही. आपल्या डीआरडीओचं नाग क्षेपणास्त्र याच जातीचं आहे. लक्ष्याच्या उष्णतेची प्रतिमा पाहत ते स्वतःच वाट काढतं.

लेझरचं तसं नाही. अंतर मोजायला किंवा क्षेपणास्त्राला लक्ष्य दाखवायला किरण टाकावाच लागतो, आणि तो रणगाड्यावरच्या संवेदकांना जाणवतो. रशियन ‘श्तोरा’ यंत्रणा लेझर लागताच चालकदलाला सावध करते आणि धुराचे गोळे सोडते. पण तीही सर्वज्ञ नव्हे. कॉर्नेटसारखं क्षेपणास्त्र मंद लेझर किरणावर स्वार होऊन येतं. किरण वाचणारा संवेदक क्षेपणास्त्राच्या शेपटीकडे असतो, म्हणून लक्ष्यावर प्रखर लेझर रोखायची गरज पडत नाही.

जुन्या टी-55 रणगाड्यांवर रात्री पाहण्यासाठी इन्फ्रारेड सर्चलाइट असे. उघड्या डोळ्यांना तो दिसत नसे, पण शत्रूकडे तशीच दुर्बीण असली की दिवा लावणाराच आधी उघडा पडे. सैन्यांनी पुढे थर्मलची कास धरली, त्यामागे हेही एक कारण होतं.

मोबाइलच्या कॅमेऱ्यातून असले लेझर दिसतील या भरवशावर राहू नका. टीव्हीच्या रिमोटचा दिवा अनेक फोनना दिसतो, कारण सिलिकॉनच्या सेन्सरला साधारण 1100 नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश कळतो. डोळ्यांना कमी घातक म्हणून अंतरमापकांत वापरला जाणारा सुमारे 1540 नॅनोमीटरचा लेझर त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे.

अहमदनगरजवळच्या के. के. रेंजवर 22 सप्टेंबर 2020 रोजी अर्जुन रणगाड्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने 3 किलोमीटरवरचं लक्ष्य टिपलं. ते क्षेपणास्त्र लेझरच्या मार्गदर्शनावर चालणारं होतं, म्हणजे ज्याचा इशारा लक्ष्याला मिळू शकतो अशा गटातलं.