मेल आपला, संगणक सगळ्यांचा (भाग ६) : सीटवर विसरलेला पास

दोन टप्प्यांच्या पडताळणीबद्दल या आठवड्यात लिहिणार होतो, पण अर्नाळ्याच्या एका ताईंचा प्रश्न आलाय आणि तो आधी घ्यायलाच हवा. मुलीच्या बँकेच्या परीक्षेचं हॉल तिकीट काढायला त्या विरार स्टेशनजवळच्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात गेल्या होत्या. दुकानातल्या संगणकावर जीमेल उघडलं, हॉल तिकीट डाउनलोड केलं, प्रिंट घेतली. मागे रांग लागलेली, म्हणून कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं आणि निघाल्या. बसमध्ये बसल्यावर आठवलं, लॉगआउट केलंच नाही. त्या विचारतात, ‘खिडकी तर बंद केली होती. तरी मेल उघडा राहिला असेल का?’

राहिला, असंच धरून चालायचं.

विरार लोकलचा पास काढला की रोज तिकिटाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. टीसीने विचारलं की पास दाखवायचा. ब्राउझरमधली कुकी म्हणजे असाच पास. १९९४ साली नेटस्केपच्या लू माँटुली यांनी ती ब्राउझरमध्ये आणली, कारण संकेतस्थळाला मघाचा माणूस पुन्हा ओळखताच येत नव्हता. तुम्ही पासवर्ड एकदाच टाकता, जीमेल त्या संगणकाला पास देतं आणि पुढच्या वेळी फक्त पास बघतं. फुलीने खिडकी मिटते, पास संगणकातच राहतो. लॉगआउट केलं की तो रद्द होतो. शिवाय रेल्वेच्या पासासोबत ओळखपत्र लागतं, या पासासोबत लागत नाही. त्या खुर्चीवर पुढे जो बसेल, त्याला आत प्रवेश.

ताई, घरबसल्या हा पास रद्द करता येतो. मोबाइलवर गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात जा. तिथे तुमचं खातं कुठकुठल्या उपकरणांवर उघडं आहे त्याची यादी असते. त्यातला दुकानातला संगणक निवडून साइन आउट करा. मग पासवर्डही बदला. हे आजच करा, रविवारची वाट बघू नका.

या प्रश्नावरून मला हॉटमेलची जन्मकथा आठवली. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ हे दोघे नोकरी करता करता नव्या धंद्याचे बेत आखत होते. ऑफिसातून खासगी मेल उघडता येईना आणि कंपनीच्या मेलवर लिहावं तर साहेबांच्या नजरेला पडायची भीती. त्यातून सुचलं की मेल ब्राउझरमध्येच का उघडू नये? ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू झालं. परक्या संगणकावर आपलं पत्र आपल्यापुरतं राहावं, ही गरज वेबमेलच्या मुळाशीच आहे. म्हणून या विषयाला मी किरकोळ मानत नाही.

‘मग इनकॉग्निटो वापरावं का?’ असं अनेक जण विचारतात. जरूर वापरा. त्याच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या की पास आपोआप फाटतो. एक जरी उघडी राहिली तरी फाटत नाही, हे लक्षात ठेवा. आणि सायबर कॅफेसाठी २०११ साली केंद्राने केलेल्या नियमांनुसार कोणती संकेतस्थळं उघडली गेली याची नोंद मालकाला किमान वर्षभर ठेवावी लागते. ती इनकॉग्निटोने पुसली जात नाही. तिथे तुमच्या पत्रातला मजकूर नसतो, तुम्ही कुठे गेलात एवढंच असतं.

मला खरी काळजी वाटते ती डाउनलोड झालेल्या फायलींची. लॉगआउट केलं, इनकॉग्निटो वापरलं, तरी त्या जागच्या जागीच राहतात. मागे नालासोपाऱ्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात माझी फाइल शोधत होतो, तर पडद्यावर अनोळखी लोकांची आधार कार्डं, भाडेकरार, पगाराच्या पावत्या ओळीने लागलेल्या. ई-आधारच्या फाइलला पासवर्ड असतो खरा, पण तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. फाइलला तुमचंच नाव दिलेलं असलं तर अर्धी किल्ली कुलपालाच टांगलेली.

त्याहून आत दडलेली जागा म्हणजे दुकानाचा मेल. भिंतीवर पत्ता चिकटवलेला असतो, ‘प्रिंटसाठी यावर पाठवा’. आपण पाठवतो, प्रिंट घेतो, दहा रुपये देतो. कागद आपल्या हातात येतो आणि त्याची प्रत त्या इनबॉक्समध्ये वर्षानुवर्षं राहते. दुकानदार भला असेल, पण त्याचा पासवर्ड तिथल्या सगळ्या पोरांना ठाऊक असतो. मी आता पेनड्राइव्हवर तेवढी एकच फाइल नेतो आणि आधार लागलंच तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार काढतो. मेलच करावा लागला, तर प्रिंट हातात आल्यावर सरळ सांगतो, ‘दादा, माझा मेल डिलीट करा, ट्रॅशमधूनही.’ आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. रांग असली तरी तेवढा अर्धा मिनिट आपला हक्काचा आहे.

पुढच्या आठवड्यात दोन टप्प्यांची पडताळणी नक्की. त्याआधी एक काम करून ठेवा. आपल्या मेल खात्याला कुणाचा मोबाइल नंबर जोडलाय ते उघडून बघा. अकरावीचा किंवा म्हाडाचा फॉर्म भरताना दुकानातच खातं काढून घेतलं असेल, तर तो नंबर तुमचा नसण्याचीही शक्यता आहे. तसं असेल तर पासवर्ड कितीही अवघड ठेवा, खात्याची चावी दुकानातच आहे.